दिवसा मरणारा राजपुत्र : मास्टर विठ्ठल आणि बोलपटाची पहिली वर्षं

(नंदुरबार येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छपाईसाठी तयार केलेला मजकूर)



मूकपटांतले नट मास्टर विठ्ठल कोल्हापूरचे. त्यांचा नंदुरबारशी संबंध काय, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. नात्यागोत्याचा संबंध मला दाखवता येणार नाही. पण ज्या प्रश्नापाशी त्यांची कारकीर्द अडखळली, तो प्रश्न या गावाइतका रोजच्या रोज दुसऱ्या कुठल्या गावाला भेटत असेल असं मला वाटत नाही. इथं एका घरात अहिराणी, शेजारच्या घरात गुजराती, शाळेत मराठी आणि स्टेशनवर हिंदी चालते. धडगावकडून उतरणारा माणूस पावरी बोलतो, नवापूरचा मावची. जिल्ह्यातले शंभरातले जवळपास ६९ लोक आदिवासी, आणि त्यांच्याही बोली एकसारख्या नाहीत. स्वातंत्र्यलढ्यात ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळ्यांसमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्या तोंडची घोषणा गुजराती होती, आणि इथं कुणाला ती परकी वाटली नाही. अशा गावात पडद्यावरच्या माणसानं तोंड उघडलं की पहिला प्रश्न येणार : कुठल्या भाषेत? ‘आलम आरा’ हा आपल्याकडचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ ला लागला, त्याच्या आधी हा प्रश्न कुणाला पडतच नव्हता.

मूकपटाला भाषा नव्हती असं आपण म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. पडद्यावर मधूनमधून मजकुराच्या पाट्या यायच्या, आणि एकेका पाटीवर इंग्रजी, गुजराती, हिंदी, उर्दू अशा दोन-तीन लिप्या दाटीवाटीनं बसवलेल्या असायच्या. ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. कुठं कुठं तर त्यासाठी पैसे देऊन माणूस ठेवलेला असे. पडद्याखाली पेटी-तबलेवाले बसत. म्हणजे आवाज भरपूर होता. तो फक्त पडद्यातून येत नव्हता. तो प्रेक्षकांतून यायचा आणि प्रेक्षकांच्याच बोलीत यायचा. ज्या चित्रपटात पाट्या कमी लागत तो सगळ्यांनाच सोयीचा. सर्वांत कमी पाट्या लागत त्या मारधाडीच्या चित्रपटांत, कारण घोड्यावरून मारलेली उडी कुठल्याच लिपीत लिहावी लागत नाही. मास्टर विठ्ठल हे या उडीचे बादशहा होते.

त्यांचा जन्म १९०६ चा. लहानपणीच नाटक कंपनीत गेले आणि तिथून बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. कोल्हापुरात त्या वेळी सिनेमा घडत होता तो पेंटरांच्या हाताखाली. स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर काम करणारा हा माणूस पोरांना एकच काम देत नसे. जो पडद्यावर दिसे तोच सकाळी पडदे रंगवी आणि रात्री फिल्म धुवी. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल याच मुशीतून निघाले. विठ्ठल यांनी तिथं आधी संकलनाचं काम केलं. मग १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ मध्ये त्यांनी नाचणारीची भूमिका केली. पुढं हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणवला गेलेला हा तलवारबहाद्दर पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो स्त्रीवेषात. त्या काळात यात नवल नव्हतं. पण त्यांचं संकलकाचं काम मात्र लक्षात ठेवा, मी पुढं त्याकडे येणार आहे.

मुंबईत १९२५ साली भोगीलाल दवे आणि नानूभाई देसाई यांनी शारदा फिल्म कंपनी काढली. पैसा मायाशंकर भट्ट यांचा. या कंपनीला मोठ्या पौराणिक चित्रपटांची हौस नव्हती. कामगार वस्तीत आणि लहान गावांत जो सिनेमा धावतो तो तिला काढायचा होता. १९२६ च्या ‘रतन मंजरी’ मध्ये विठ्ठल नायक झाले आणि पुढची चार-पाच वर्षं शारदा म्हणजे विठ्ठल असं समीकरण बसलं. नायिका बहुधा झेबुन्निसा. कथा म्हणाल तर एक राज्य, एक दुष्ट सेनापती, एक कैदेतली राजकन्या, आणि गच्चीवरून, झाडावरून, घोड्यावरून कुठूनही येऊ शकणारा नायक. समीक्षकांना हा सिनेमा थिल्लर वाटायचा. नंतर इतिहास लिहिणाऱ्यांनाही तो तसाच वाटला. त्यामुळे या चित्रपटांविषयी लिहिलं गेलं फार थोडं, आणि फिल्मही उरल्या नाहीत. भारतात १३०० च्या आसपास मूकपट निघाले; त्यांतले आज पुरे-अपुरे धरून काही मोजकेच हाती आहेत. मूकपटाच्या शेवटच्या वर्षांत सर्वाधिक मानधन घेणाऱ्या नटांत विठ्ठल यांचं नाव होतं, आणि त्या काळातलं त्यांचं काम आपल्याला जवळजवळ पाहताच येत नाही. ज्याची सगळी ताकद हालचालीत होती त्याची आपल्याकडे स्थिर छायाचित्रं आहेत.

आता ‘आलम आरा’.

अर्देशीर इराणी पुण्याचे पारशी. त्यांनी ‘शो बोट’ हा अर्धामुर्धा बोलणारा अमेरिकन चित्रपट पाहिला आणि आपल्याकडे पूर्ण बोलणारा चित्रपट काढायचं ठरवलं. जोसेफ डेव्हिड यांचं पारशी रंगभूमीवरचं नाटक घेतलं. नायिका म्हणून झुबेदा ठरली, सचीनच्या नवाबाची मुलगी म्हणून ओळखली जाणारी. सचीन तुम्हाला माहीत आहे. इथून ताप्ती लाइननं उधन्याला उतरून मुंबईच्या वाटेला लागलं की येतं. तिची आई फातमा बेगम ही आपल्याकडची पहिली स्त्री दिग्दर्शक. नायकासाठी आधी इराणींच्या इंपीरियल कंपनीतल्या मेहबूब खान या एक्स्ट्राचं नाव घेतलं जात होतं. तोही बिलीमोऱ्याकडचा, म्हणजे तुमच्या शेजारचाच. पण इतका पैसा ओतलेल्या चित्रपटाला अनोळखी चेहरा कोण देणार? इंपीरियल कंपनीला नाव हवं होतं, आणि सर्वांत मोठं नाव विठ्ठल यांचं. मेहबूबना ते फार लागलं असणार. मात्र पुढं ‘मदर इंडिया’ काढणाऱ्या माणसाबद्दल फार हळहळायचं कारण नाही.

विठ्ठल शारदाच्या करारात होते. ते सोडून गेले म्हणून कंपनीनं कोर्टात खेचलं, आणि विठ्ठल यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर मोहम्मद अली जिना. विठ्ठल खटला जिंकले. ही हकिकत प्रत्येक लेखात येते. मी तिच्यात एवढीच भर घालतो की जिना १९३० च्या ऑक्टोबरात गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले आणि पुढं काही वर्षं तिकडेच वकिली करत राहिले. म्हणजे खटल्याचा निकाल ते लंडनला निघण्यापूर्वीच लागलेला असावा. ‘आलम आरा’ च्या चित्रीकरणाला आपण एरवी समजतो त्यापेक्षा या करारफोडीचं प्रकरण बरंच आधीचं दिसतं. विठ्ठल नुसते बोलपटाच्या मोहानं धावले नसावेत. शारदातून त्यांचा पाय आधीच निघालेला असावा.

चित्रपट १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागला. पोलिसांना गर्दी आवरावी लागली. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं. जाहिरातीत लिहिलं होतं की अठ्ठ्याहत्तर मेलेली माणसं जिवंत होऊन बोलू लागली आहेत. हा आकडा चित्रपटात आवाज दिलेल्या माणसांचा. जाहिरातवाल्याला कल्पना नव्हती की त्याच्या चित्रपटाचा नायकच अर्धा वेळ मेलेला आहे.

कारण कथा अशी आहे. राजाला दोन राण्या. धाकटीला मुलगा होणार आणि त्याच्या अठराव्या वर्षी तळ्यातल्या एका माशाच्या गळ्यात जो हार दिसेल तो मिळवायला हवा, असं एक फकीर सांगतो. हार सवतीच्या हाती लागतो. तिनं तो गळ्यात घातला की राजपुत्र कमर मरतो. रात्री तिनं तो उतरवला की तो उठतो. सकाळी ती हार घालते, की पुन्हा मेला. आलम आरा ही तुरुंगात टाकलेल्या सेनापतीची मुलगी, भटक्यांत वाढलेली. ती या रात्रीपुरत्या जिवंत होणाऱ्या राजपुत्राच्या प्रेमात पडते.

विठ्ठल यांच्याबद्दल जो किस्सा नव्वद वर्षं सांगितला जातो तो आता ऐका. म्हणे, त्यांना उर्दू धड बोलता येईना. कोल्हापुरी जिभेवर खानदानी उर्दू बसेना, म्हणून त्यांचे संवाद कापले आणि त्यांना बहुतेक वेळ बेशुद्ध किंवा गुंगीत दाखवलं. पहिल्या बोलपटाचा नायक मुका! किस्सा इतका नेटका आहे की कुणी त्याला हात लावत नाही. पण सांगणाऱ्यांनी कथा नीट वाचली असती तर त्यांच्या लक्षात आलं असतं की राजपुत्र दिवसभर मरून पडतो हे कथानकाचं मूळ आहे. तो हार काढला तर ‘आलम आरा’ ला गोष्टच राहत नाही. विठ्ठल यांची उर्दू अस्सल लखनवी असती तरी त्यांना दिवसा आडवंच पडावं लागलं असतं. त्यांच्या उच्चारांची अडचण खरी होती, हे मी नाकारत नाही. संवाद कमी केले असतील, तेही शक्य आहे. पण अडचण नटाच्या जिभेची आणि सोय लेखकाच्या कथेची, या दोन गोष्टी एकात एक मिसळून एका माणसाची फजिती तयार केली गेली. मराठी माणूस आणि हिंदी-उर्दू यांच्यावर आपल्याकडे जे विनोद होतात, त्यांतला हा पहिला सिनेमाई विनोद म्हणता येईल.

शिवाय त्याच वर्षी त्याच अर्देशीर इराणींनी तमिळसाठी ‘कालिदास’ काढला. तो ३१ ऑक्टोबर १९३१ ला आला. दिग्दर्शक एच. एम. रेड्डी. त्यात नायिका टी. पी. राजलक्ष्मी तमिळ बोलते, नायक तेलुगू बोलतो, आणि मध्येच कुणी हिंदीत बोलतो. दोघं दोन भाषांत एकमेकांना उत्तरं देतात. मद्रासच्या प्रेक्षकांनी ते चालवून घेतलं. तुम्हीही चालवून घेतलं असतंत. तुमच्या बाजारात रोज हेच चालतं. एक अहिराणीत भाव विचारतो, दुसरा गुजरातीत सांगतो आणि सौदा होतो. मुंबईत मात्र पारशी रंगभूमीनं उर्दूचा एक साचा पक्का करून ठेवला होता. बादशाही दरबार म्हणजे ती भाषा, तो लहेजा. पहिल्या बोलपटानं सिनेमाची भाषा शोधली नाही. तयार होती ती रंगभूमीवरून उचलली, आणि त्या मापात जो बसला नाही तो बाजूला झाला.

विठ्ठल एकटे नव्हते. सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, मूकपटाची सर्वांत मोठी तारका. बगदादी ज्यू घराण्यातली. बोलपट आल्यावर तिनं काम थांबवलं, हिंदुस्थानी शिकून घेतली आणि मग परतली. तिच्यामागे कंपनी होती, तिला वेळ मिळाला.

पण भाषेवरच सगळं खापर फोडायचं तर एक गोष्ट सुटते, आणि माझ्या मते तीच मोठी आहे. इराणींनी जे ध्वनियंत्र आणलं ते तनार नावाचं. त्यावर चित्र आणि आवाज एकाच निगेटिव्हवर एकाच वेळी उतरत. स्टुडिओ केनेडी ब्रिजजवळ, बाजूला रेल्वेचे रूळ. भिंती आवाजबंद नव्हत्या. म्हणून गाड्या कमी असताना, रात्री एक ते पहाटे चारच्या दरम्यान चित्रीकरण चाले. मायक्रोफोन झाडांत, कपड्यांत, सामानाआड लपवत, आणि नटानं त्याच्याजवळच राहायचं. आता असा विचार करा की ज्या माणसाचं सारं कसब एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झेप घेण्यात आहे, त्याला रात्री दोन वाजता एका लपवलेल्या मायक्रोफोनपासून हाताच्या अंतरावर उभं राहायला सांगितलं आहे.

मूकपटातली मारामारी वेगवान दिसायची त्यामागे कॅमेऱ्याची एक युक्ती होती. कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचा. तो थोडा सावकाश फिरवला की चित्रं कमी निघत, आणि नेहमीच्या वेगानं दाखवल्यावर तलवार विजेसारखी चाले. आवाज आला आणि हे संपलं. आवाजाला वेग ठरलेला लागतो. सेकंदाला चोवीस चित्रं, कमी नाही, जास्त नाही. वेग बदलला तर माणूस चिरक्या आवाजात बोलू लागतो. दुसरी युक्ती कात्रीची. नायक गच्चीवर दिसतो, कट, नायक घोड्यावर. मधली उडी कधी मारलेली असते, कधी नसते. पण तनारसारख्या यंत्रात फिल्मवर एखादा आवाज त्याच्या चित्राशेजारी छापला जात नाही, काही चौकटींच्या अंतरानं छापला जातो. मध्ये कात्री लावली की चित्र कापलं जातं आणि आवाज भलतीकडून तुटतो. म्हणून लांबलचक, न कापता येणारे प्रसंग घ्यायचे. विठ्ठल यांनी पेंटरांकडे संकलन केलं होतं, कात्रीचं महत्त्व त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पराक्रमातला निम्मा वाटा ज्या दोन गोष्टींचा होता, त्या दोन्ही ध्वनियंत्रानं काढून घेतल्या. उर्दू शिकता आली असती. कॅमेऱ्याचा वेग परत कसा आणणार?

आणि मग गाणी. ‘आलम आरा’ मध्ये सात गाणी होती. फकिराच्या भूमिकेत वझीर मोहम्मद खान यांनी गायलेलं गाणं हे हिंदी सिनेमातलं पहिलं गाणं मानतात. वर्षभरात ‘इंद्रसभा’ आला, त्यात सत्तरच्या आसपास गाणी. पार्श्वगायन १९३५ पर्यंत नव्हतंच. गाणाऱ्यानं कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचं, साजिंदे चौकटीबाहेर बसायचे. म्हणजे या चार वर्षांत ज्याला गळा नाही त्याला नायक होणं अवघड झालं. ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट, ६ फेब्रुवारी १९३२ चा. त्यात राजा हरिश्चंद्र म्हणून प्रभात फिल्म कंपनीनं कुणाला उभं केलं? गोविंदराव टेंबे यांना, संगीताच्या माणसाला. विठ्ठल यांच्यासारख्या नटाची वाट त्या चार वर्षांत अवघड झाली.

इथं थोडं बाजूला जातो, कारण आवाज म्हणजे नाटकवाल्यांचा विजय असाही एक सोपा समज आहे. नाटकवाल्यांत सर्वांत मोठा गळा बालगंधर्वांचा. प्रभातनं १९३५ साली त्यांना ‘धर्मात्मा’ त एकनाथांच्या भूमिकेत उभं केलं. जन्मभर स्त्रीभूमिका केलेला माणूस, समोर वन्समोर देणारे प्रेक्षक नाहीत, यंत्राच्या तोंडी गायचं. त्यांचं मन तिथं रमलं नाही आणि एकाच चित्रपटानंतर प्रभातशी संबंध सुटला. दुसरे विष्णुपंत पागनीस. तेही स्त्रीपार्टी. त्यांची नाटकाची कारकीर्द संपलेली, मुंबईत गाणं शिकवत होते. दामले-फत्तेलालांनी त्यांना तुकाराम केलं. ‘संत तुकाराम’ मुंबईत सेंट्रलमध्ये ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम चित्रपटांत गणला गेला. पागनीस गात तेव्हा नाटकातल्या तानबाजीचा मागमूसही नसे. समोर बसलेल्या दहा वारकऱ्यांसाठी गावं तसं गात. यंत्राला तेच हवं होतं. म्हणजे बोलपटानं गळा असलेल्यांना तारलं आणि नसलेल्यांना बुडवलं, असं सरळ गणित मांडता येत नाही. कुणाची कुठली सवय यंत्राला मानवली एवढंच त्यानं पाहिलं.

मारधाड काही मेली नाही. १९३५ साली वाडिया बंधूंनी ‘हंटरवाली’ काढला. नायिका नादिया, मूळची ऑस्ट्रेलियातल्या पर्थची. तिचं हिंदी विठ्ठल यांच्या उर्दूपेक्षाही कच्चं असावं. पण तोपर्यंत यंत्रं सुधारली होती, आवाज आणि चित्र वेगवेगळ्या फिल्मवर घेता येऊ लागले होते, कात्री पुन्हा मोकळी झाली होती. हंटर पुन्हा सपासप चालू लागला आणि तिचे उच्चार कुणी मोजले नाहीत. मला विठ्ठल यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत कडू वाटतं ते हे. भाषेचा कच्चेपणा आडवा आला असं म्हणतात, पण तोच कच्चेपणा चार वर्षांनी एका गोऱ्या बाईच्या आड आला नाही. विठ्ठल चार वर्षं आधी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

मग विठ्ठल यांचं पुढं काय झालं? किस्सा सांगणारे इथं थांबतात, जणू माणूस १९३१ साली विरून गेला. प्रत्यक्षात त्यांनी काम पुढं तीसेक वर्षं केलं. १९३३ साली त्यांनी ‘औट घटकेचा राजा’ दिग्दर्शित केला. हिंदीत तोच ‘आवारा शहजादा’. त्यात शाहू मोडक यांची दुहेरी भूमिका होती, बोलपटातली आपल्याकडची पहिली. अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातला हा पोरसवदा मुलगा पुढं पडद्यावरचा कृष्ण आणि ज्ञानेश्वर झाला. दुहेरी भूमिका हा निव्वळ कात्रीचा आणि कॅमेऱ्याचा खेळ. एकाच फिल्मवर दोनदा चित्र उतरवायचं, मधली रेघ दिसू द्यायची नाही. पेंटरांच्या कंपनीतला संकलक पुन्हा कामाला लागला होता. ध्वनियंत्रानं काढून घेतलेली कात्री त्यानं वेगळ्या वाटेनं परत मिळवली, असं मी समजतो. आपल्याकडे ‘आलम आरा’ तला गुंगीतला राजपुत्र लक्षात राहिला आणि हे काम विसरलं गेलं, याला मी इतिहास लिहिणाऱ्यांचा आळस म्हणतो.

त्यानंतर ते मराठीत रमले, विशेषतः भालजी पेंढारकरांच्या शिवकालीन चित्रपटांत. ‘नेताजी पालकर’ १९३९ चा, ‘बहिर्जी नाईक’ १९४३ चा. इथं दरबारी उर्दूची सक्ती नव्हती. मावळ्यानं मावळ्यासारखं बोलायचं, घोड्यावर बसायचं, तलवार काढायची. भालजींनी ऐतिहासिक बोलपटातला मराठी शूर पुरुष घडवला, त्यात शारदाच्या मूकपटांचा किती वाटा आहे हे कुणी तरी एकदा मांडायला हवं. घोडे, झेपा, गड चढणं, सगळं मूकपटातून सरळ उचललेलं आहे. फरक एवढाच की आता त्या उडीला ‘हर हर महादेव’ चा आवाज होता, आणि तो आवाज मारणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेत होता. तीसच्या दशकात प्रेक्षक भाषेप्रमाणे वाटले गेले. त्याआधी विठ्ठल यांची उडी कराचीपासून कलकत्त्यापर्यंत एकच होती. आता ती मराठी मुलखापुरती झाली. बाजार लहान झाला, पण माणूस आपल्या घरच्या भाषेत बोलू लागला. याला पडझड म्हणायचं की घरवापसी, हे मी ठरवत नाही. त्यांना विचारलं असतं तर कदाचित पैशाचा हिशेब आधी सांगितला असता. आणि तसं सांगणं चुकीचं ठरलं नसतं.

एक योगायोग सांगतो. ‘आलम आरा’ मध्ये सेनापती आदिल म्हणजे पृथ्वीराज कपूर. तेव्हा ते नवखे होते, विठ्ठल नायक. १९५२ साली भालजींनी ‘छत्रपती शिवाजी’ काढला. गांधीहत्येनंतर कोल्हापुरात त्यांचा स्टुडिओ जाळला गेला होता, त्यातून उठून काढलेला चित्रपट. महाराजांच्या भूमिकेत चंद्रकांत मांढरे. त्यात पृथ्वीराज कपूरही आहेत आणि मास्टर विठ्ठलही. आता पृथ्वीराज देशभरात नाव असलेला नट, आणि विठ्ठल नामावळीत खाली. एकवीस वर्षांत दोघांच्या जागा बदलल्या. पण ज्यांना मास्टर विठ्ठल बोलताना ऐकायचे आहेत त्यांनी ‘आलम आरा’ साठी हळहळत बसू नये. भालजींचे मराठी चित्रपट काढून पाहावेत.

‘आलम आरा’ ची एकही प्रत आज कुठं नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, आणि त्याचे संस्थापक पी. के. नायर यांनी शोध घेतला तेव्हाच ती मिळाली नव्हती. इराणींच्या मुलानं रिळं चांदी काढण्यासाठी विकून टाकल्याचं आपल्याला सांगितल्याची आठवण नायर सांगत असत. जुन्या फिल्मच्या लेपात चांदी असते आणि ती वितळवून विकता येते. त्या काळी कितीतरी चित्रपट असे मोडीत गेले. पुढं २००३ सालच्या पुण्याच्या आगीत ‘आलम आरा’ जळाला असं छापून येतं, ते बरोबर नाही. जे नव्हतंच ते जळणार कसं? अर्देशीर इराणी आणि मास्टर विठ्ठल, दोघंही १९६९ सालीच गेले.

रिळं गेली तरी कागद अजून कुठं कुठं असतो. त्या काळात प्रत्येक चित्रपटाबरोबर गाण्यांची पातळ पुस्तिका निघायची, मूकपटांच्या हस्तपत्रिका वाटल्या जायच्या. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या ठिकाणी तंबूतले फिरते सिनेमे ज्यांनी चालवले, त्यांच्या घरात, किराणा दुकानांच्या माळ्यावर, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या अवस्थेत असे कागद सापडू शकतात. शारदा फिल्म कंपनीचं नाव, नायक मास्टर विठ्ठल, नायिका झेबुन्निसा असं काही छापलेलं दिसलं तर तो कागद रद्दीत देऊ नका. गुजराती, उर्दू, मराठी, कुठल्याही लिपीत असू दे. पुण्याच्या संग्रहालयाला पत्र टाका, किंवा निदान मोबाइलवर त्याचं छायाचित्र काढून ठेवा. प्रश्नोत्तरांसाठी अजून वेळ आहे असं अध्यक्ष खुणावत आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांनी तंबूत मूकपट पाहिला असेल, किंवा पाटी मोठ्यानं वाचली असेल, तर ती आठवण प्रश्न म्हणून न विचारता सरळ सांगावी.